मुळीबरोबर शेताची माती दाखवणारं दुकान

या दुकानातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट विकायला ठेवलेली नाही. गल्ल्याशेजारी एक जाड निळी फाइल असते, ती. तिच्यात शेतागणिक एकेक कागद लावलेला आहे: मातीचा सामू (पीएच) किती, आर्सेनिक, कॅडमियम, शिसं ही विषारी द्रव्यं किती, आधी कोणती पिकं होती, मुळ्या कधी खणल्या. मी चीनमध्ये युन्नान प्रांतात, कुनमिंगला, साडेतीन वर्षं राहते आणि दूषित जमीन पुन्हा पिकाखाली कशी आणता येईल यावर काम करते. सानछी ही औषधी मुळी विकणारी तीसेक दुकानं तरी मी पाहिली असतील. मुळीबद्दल विचारल्यावर मातीचा कागद पुढे करणारं दुकान हे एकच भेटलं. नाव देत नाही, कारण मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत. त्या मालकीणबाईंना समोरासमोर सांगून झाल्या आहेत.

मी तिथे पोचले ते गुडघ्यामुळे. पावसात जिन्यावरून घसरले, हाड शाबूत राहिलं पण गुडघा काळानिळा झाला. शेजारच्या बाई संध्याकाळी काचेच्या बरणीतून राखट-पिवळी पूड घेऊन आल्या. चिनी भाषेत आपल्यापेक्षा वयाने मोठ्या बाईला ‘आयी’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘आई’च्या इतकं जवळचं वाटतं, की पहिल्या वर्षी ती हाक मारताना मला दर वेळी भरून यायचं. आयींनी चमचाभर पूड कोमट पाण्यात टाकली आणि म्हणाल्या, “पी, सूज उतरेल.” मी पेला हातात धरून बसले. ती पूड सानछीची होती. त्याच आठवड्यात मी युन्नानमधल्याच वेनशानच्या सानछीच्या शेतांमधले मातीचे नमुने चाळले होते आणि त्यातल्या काहींचे आकडे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. आयींना वाटलं, मला त्यांच्या औषधावर विश्वास नाही. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, “आयी, औषधावर आहे. ते कुठल्या शेतातलं आहे ते मला बघायचंय. आपण दोघी जाऊन घेऊया.”

सानछी म्हणजे जिनसेंगच्या कुळातली एक मुळी. ‘सान’ तीन, ‘छी’ सात. एका झाडाला तीन पानदेठ, एका देठावर सात पानं, असा एक अर्थ लावतात. ली शिचेन या वैद्यांनी सोळाव्या शतकातल्या आपल्या औषधिग्रंथात तिचं दुसरं नाव दिलं आहे ‘चिनपूहुआन’, म्हणजे सोनं दिलं तरी बदल्यात देऊ नये अशी. रक्तस्राव थांबवायला, मुका मार लागल्यावर, हृदयविकारात ती इथे वापरतात. कुनमिंगमध्ये मातीच्या वाफभांड्यात कोंबडीबरोबरही ती शिजते. चीनमधली बहुतेक सानछी युन्नानची, आणि तिचं माहेर वेनशान. डोंगरउतारांवर काळ्या शेडनेटची शेतं मैलोन्‌मैल दिसतात, कारण तिला थेट ऊन सोसत नाही. निदान तीन वर्षं जमिनीत राहते. एकदा काढली की त्या जमिनीत पुढची आठ-दहा वर्षं पुन्हा नीट येत नाही, मूळकूज पडते. म्हणून शेतकरी नवी जमीन शोधत होंगहे, छूचिंग, अगदी कुनमिंगच्या आसपासपर्यंत सरकले आहेत.

नवी जमीन शोधताना ती कसली जमीन आहे हे पाहणं भाग पडतं. युन्नान हा धातूंचा प्रांत. गेजिउला कथिलाच्या जुन्या खाणी आहेत, आणि कथिलाच्या खनिजाबरोबर आर्सेनिक येतं. वेनशानच्या काही भागांत खडकातच आर्सेनिक जास्त आहे, वर खाणींचा गाळ आणि पाणी. वनस्पतीच्या मुळाला आर्सेनेट आणि फॉस्फेट यांतला फरक कळत नाही. फॉस्फेट आत घेण्याच्या दारानेच आर्सेनिकही शिरतं. आणि सानछीचा विकला जाणारा भाग मूळच आहे.

हे युन्नानपुरतं नाही. चीनने 2005 ते 2013 या काळात देशभर मातीची पाहणी केली आणि एप्रिल 2014 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. तपासलेल्या ठिकाणांपैकी 16.1 टक्के मर्यादेबाहेर होती, शेतजमिनीत 19.4 टक्के. सगळ्यांत पुढे कॅडमियम, 7 टक्के ठिकाणी. त्याच्या आदल्या वर्षी ग्वांगचोउमध्ये हुनान प्रांताच्या तांदळात कॅडमियम सापडल्याने खळबळ उडाली होती. 2016 मध्ये मातीसाठी राष्ट्रीय कृती आराखडा आला, आणि 1 जानेवारी 2019 पासून माती प्रदूषणाचा स्वतंत्र कायदा लागू झाला. शेतजमिनीचे तीन गट पडले: जपायची, काळजी घेऊन पिकवायची, आणि खायचं पीक घ्यायचंच नाही अशी.

आता दुकान. घाऊक औषधी बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन दारांचं. डाव्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान खणांचं लाकडी कपाट, प्रत्येक खणावर शाईने लिहिलेली नावं. उजवीकडे काचेच्या पेट्यांमध्ये सानछीचे ढीग. मालकीणबाई पन्नाशीच्या, वेनशानच्याच. जुनी हाडाची दांडी असलेला छोटा तराजू त्या अजून वापरतात, पण बिल करण्याआधी इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन पुन्हा दाखवतात. कोणाला सांगावं लागत नाही.

सानछीची प्रत ‘थोउ’ने मोजतात, म्हणजे डोकी. अर्ध्या किलोत वीस मुळ्या बसल्या तर वीस थोउ, साठ बसल्या तर साठ थोउ. आकडा लहान तितकी मुळी मोठी आणि महाग. फुलोरा खुडून काढलेली ‘छुनछी’ भरीव असते. बी धरू दिल्यानंतरची ‘तोंगछी’ सुरकुतलेली, हलकी, स्वस्त. चांगल्या मुळीला म्हणतात ‘तांब्याची कातडी, लोखंडाचं हाड’. मालकीणबाईंनी एक मुळी फरशीवर टाकून दाखवली, खडा पडल्यासारखी वाजली. फोडल्यावर आत हिरवट-राखाडी.

मी विचारलं, “फार चकचकीत आहेत त्या पेटीतल्या?” त्या म्हणाल्या, “त्या मेण लावून घोळवलेल्या आहेत, भेटीच्या डब्यात देतात. तुला खायला हवी असेल तर ही धुळकट घे.” त्यांनी स्वतः स्वस्त मालाकडे बोट दाखवलं. तिथेच मला हे दुकान पटलं.

आणि मग ती फाइल. आमच्या मुळ्या ज्या शेतातल्या होत्या त्याच्या कागदावर सामू 6.1, आर्सेनिक किलोमागे 28 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.22. शेतजमिनीच्या 2018 च्या राष्ट्रीय मानकात भाताखेरीज इतर जमिनीसाठी, एवढ्या सामूला, आर्सेनिकची तपासणी-पातळी (जिच्या आत धोका कमी मानतात) 40 आणि कॅडमियमची 0.3 आहे. म्हणजे दोन्ही आत. त्याला जोडून मुळीचा अहवाल होता. चिनी औषधकोशाच्या 2020 च्या आवृत्तीत सानछीसाठी किलोमागे शिसं 5, कॅडमियम 1, आर्सेनिक 2, पारा 0.2 आणि तांबं 20 मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. कागदावरचे सगळे आकडे त्याच्या बरेच खाली होते. पाकिटावरचा क्यूआर कोड मोबाइलवर उघडला तर तोच अहवाल, तोच लॉट क्रमांक.

मी मुद्दाम दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, कारण एकट्या मातीच्या आकड्याने फसायला होतं. मातीत एकूण किती धातू आहे हे एक, आणि मुळाच्या हाती किती लागतो हे दुसरं. आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम सुटं होतं, म्हणून त्यावर चुना टाकतात. पण चुन्याने सामू फार चढवला तर आर्सेनिक सुटं व्हायला लागतं. ज्या जमिनीत दोन्ही आहेत तिथे एकाला बांधताना दुसरं हातातून निसटतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त वाद याच एका गोष्टीवर होतात. युन्नानच्या लाल मातीत लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात, ती आर्सेनिकला घट्ट धरून ठेवतात, म्हणून 28 हा आकडा पाहून मी घाबरले नाही. तीच 28 भाताच्या पाणी साचलेल्या खाचरात असती तर घाबरले असते: पाण्याखाली हवा संपते, लोह विरघळतं आणि धरलेलं आर्सेनिक सोडून देतं.

मालकीणबाईंना हे सगळं रसायनशास्त्राच्या भाषेत ठाऊक नाही, पण शेताच्या भाषेत ठाऊक आहे. त्यांच्या दिरांनी एका जुन्या शेतात सानछीच्या वाफ्यांमध्ये ‘वूगोंगछाओ’ लावलं होतं. वूगोंग म्हणजे गोम. गोमेच्या पायांसारखी दोन्ही बाजूंना पात्यांची ओळ असलेलं हे नेच्याचं झाड. बीजिंगच्या विज्ञान अकादमीतले चेन थोंगबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नेचा आर्सेनिक शोषतो हे दाखवलं आणि 2001 पासून हुनानमधल्या छेनचोउजवळ आर्सेनिकने नासलेल्या शेतात तो लावून पाहिला. इतर झाडं ज्या मातीत करपतात तिथे हा हिरवागार वाढतो आणि आर्सेनिक मुळात न ठेवता पानांत नेऊन साठवतो. त्याच्या पानांत वाळल्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक मोजलं गेलं आहे. पानं कापायची, पुन्हा फुटू द्यायची, पुन्हा कापायची. सानछी आणि हा नेचा एकत्र लावण्यावरही प्रयोग झाले आहेत, आणि नेचा शेजारी असताना सानछीतलं आर्सेनिक कमी भरलं.

मी विचारलं, “कापलेल्या पानांचं काय केलंत?” मालकीणबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “गावातल्या तंत्रज्ञाने सांगितलं तसं पोत्यात भरून त्यांच्याकडे दिलं. बांधावर टाकायचं नाही, बकऱ्यांना घालायचं नाही, चुलीत तर नाहीच.” हे उत्तर मला हवं होतं. नेच्याने माती साफ केली या बातमीनंतर सहसा कोणी ही पुढची गोष्ट विचारत नाही. पानातलं आर्सेनिक नाहीसं झालेलं नसतं, ते फक्त आता आपल्या हातात आलेलं असतं. नियंत्रित भट्टीत, धूर पकडून, ते जाळावं लागतं. शिवाय हे दोन-चार महिन्यांचं काम नाही, वर्षांमागून वर्षं नेचा कापत राहावं लागतं.

इथवर मी फार खूश होते. मग माझी नजर भिंतीवरच्या खणांकडे गेली आणि एका खणावर ‘लोंगख्वेई’ वाचलं.

लोंगख्वेई म्हणजे आपली कामोणी, काकमाची. काळ्या मिरीएवढी जांभळी-काळी फळं धरणारी, कुठेही उगवणारी. इथल्या वैद्यकात गळवं-सूज यांवर तिचा पाला देतात. आणि हीच लोंगख्वेई कॅडमियम ओढून घेणारी वनस्पती आहे. शेनयांगच्या विज्ञान अकादमीच्या संस्थेतले वेइ शूहे आणि चोउ छीशिंग यांनी 2004-05 च्या सुमाराला तिचा हा गुण जगापुढे आणला; कॅडमियमने भरलेल्या मातीत तिच्या देठापानांत किलोमागे 100 मिलिग्रॅमहून अधिक साठतं. औषधी वनस्पतींसाठी कॅडमियमची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 1 मिलिग्रॅम. माझ्या प्रयोगशाळेत ती माती शुद्ध करणारी म्हणून कुंड्यांत वाढते आणि त्या खणात ती काढ्यासाठी वाळवून ठेवलेली. चांगल्या मातीतली असेल तर त्यात वावगं काहीच नाही. पण हीच वनस्पती अशी आहे की जिचं शेत कळल्याशिवाय ती विकूच नये.

“हिचा कागद?” मी विचारलं. नव्हता. सानछी त्यांच्या गावची, म्हणून तिच्या प्रत्येक शेताचा ठावठिकाणा. बाकीच्या शंभरेक खणांतला माल बाजारातून पोत्यांनी येतो. पोत्यावर प्रांताचं नाव असतं, शेताचं नसतं, आणि लोंगख्वेई तर बहुतेक रानातून, रस्त्याच्या कडेने, पडीक जमिनीतून गोळा केलेली. ही माझी पहिली आणि मोठी तक्रार. सिचुआन प्रांतातल्या छुआनशिओंग या औषधी वनस्पतीच्या मुळीतही कॅडमियम जास्त भरतं हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, आणि तिचाही खण तिथे होता, कागदाविना. फाइल फक्त सगळ्यांत महाग मालासाठी असेल तर गिऱ्हाइकाला वाटतं, सगळंच तपासलेलं आहे.

दुसरी तक्रार दळण्याची. मुळी विकत घेतली की त्या समोरच दळून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत, पण एकच यंत्र सगळ्यांना. आमच्या आधी कुणाचं तरी लालसर काहीतरी दळलं होतं आणि पात्याखाली त्याचा थर दिसत होता. शेताचा कागद दाखवून मग त्या शेताच्या मुळीत दुसऱ्याच शेताची धूळ मिसळायची, हे बरं नाही. मी म्हटल्यावर त्यांनी यंत्र उघडून ब्रशने साफ केलं, आधी आमच्याच दोन मुळ्या दळून ती पूड टाकून दिली आणि मग बाकीची दळली. टाकलेल्या पुडीचं वजन बिलातून वजा केलं. हे त्यांनी दर वेळी, न सांगता करायला हवं. पाव किलो, वीस थोउ, 160 युआन झाले. घाऊक बाजारात याहून स्वस्त मिळते. फाइलचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

काढा उकळून देण्याची सोयही आहे. वैद्याची चिठ्ठी दिली की मागच्या खोलीत दाबाच्या भांड्यांत काढा करतात, प्लास्टिकच्या पाकिटांत बंद करून घरी पाठवतात. दिवसाची दोन पाकिटं. आयी गेल्या हिवाळ्यात आठवडाभर तो घेत होत्या, वेळेवर आला, एकही पाकीट गळकं नव्हतं. तिथे मी जास्त वेळ चोथ्याच्या पिंपांपाशी घालवला. आयींच्या लहानपणी काढ्याचा चोथा रस्त्यावर ओतायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जावं म्हणून. आता शहरात तो कचरा आहे, आणि देशभरातल्या औषध कारखान्यांमधून दर वर्षी त्याचे डोंगर निघतात. संशोधक त्याचा बायोचार (हवेविना तापवून केलेला कोळसा) करून कॅडमियम धरून ठेवायला मातीत मिसळून पाहताहेत. आमच्याकडेही अशा कुंड्या आहेत. त्यातून कॅडमियम जमिनीबाहेर जात नाही, मुळापासून लांब बांधून राहतं, म्हणून ती जमीन पुढेही मोजत राहावी लागते.

या दुकानातला चोथा फुलांच्या रोपवाटिकेत कंपोस्टला जातो. मी विचारलं, भाजीच्या मळ्यात का नाही? मालकीणबाई म्हणाल्या, “फुलं कोणी खात नाही.” अगदी बरोबर. उकळताना वनस्पतीतल्या जड धातूंचा काही भागच पाण्यात उतरतो. उरलेला चोथ्यात राहतो. तो पुन्हा खाण्याच्या जमिनीत घालायचा तर आधी तपासायला हवा.

यातूनच एक गोष्ट मी आयींना समजावली. काढ्यात चोथा गाळून टाकतो, पण सानछीची पूड आपण सगळीच्या सगळी गिळतो. औषधकोशात पुडीची मात्रा एका वेळी 1 ते 3 ग्रॅम आहे. समजा पूड अगदी मर्यादेवर आहे आणि दिवसाला 3 ग्रॅम घेतली, तर पोटात कॅडमियम 3 मायक्रोग्रॅम आणि आर्सेनिक 6 मायक्रोग्रॅम गेलं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला कॅडमियमची सोसवेल अशी मात्रा दिवसाला सरासरी 50 मायक्रोग्रॅम पडते. म्हणजे तपासलेल्या पुडीची भीती नको. पण तांदळात कॅडमियमची मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, मर्यादेवरचा तांदूळ रोज 300 ग्रॅम खाल्ला तर 60 मायक्रोग्रॅम. आयींनी हिशेब दोनदा करून घेतला. मग म्हणाल्या, “मग मी आधी तांदळाचं शेत विचारायला हवं.” बहुतेक तांदूळ मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो हे मी सांगितलं, तरी त्यांचा मुद्दा खोटा नाही. माती सुधारण्याचं काम औषधाच्या शेतांपुरतं ठेवून भागणार नाही.

माझा गुडघा बरा झाला. पुडीमुळे की पंधरा दिवस पाय वर घेऊन बसल्यामुळे, हे मी सांगू शकणार नाही आणि एका गुडघ्यावरून सांगूही नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पोटात बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सानछी घेऊ नका. मालकीणबाई स्वतःही हे दोन प्रश्न विचारूनच पूड बांधतात. दुकान सकाळी नऊला उघडतं, जेवणाच्या वेळी गर्दी असते, निवांत बोलायचं तर चारनंतर जा. चिनी येत नसेल तर कोणाला तरी सोबत न्या, फाइल पूर्ण चिनीत आहे. सानछीसाठी मी डोळे झाकून पाठवीन. इतर खणांसाठी अजून नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. लोंगख्वेईचा खण रिकामा होता. मालकीणबाईंना छूचिंगजवळचा एक शेतकरी सापडलाय, तो ती वाफ्यात लावून देईन म्हणतो. मी त्यांना आमच्याकडच्या पाच पिशव्या दिल्या, प्रत्येकीवर काय लिहायचं ते सांगितलं: शेताच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून, वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती, बांधाजवळची नको, खत टाकल्या टाकल्या नको. लावणीच्या आधी पाठवा म्हटलं.